मशीनवर शून्य, हायवेला थरथर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर पळालेली, कोल्हापूरच्या मालकांकडून घेतलेली, अलॉय चाकं त्यांनीच बसवलेली. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा, त्यात फारसं काही जाणवत नाही. पण काकती सोडून कोल्हापूरकडं निघालं की ८५ ला स्टेअरिंग थरथरायला लागतं, ९५ ला सगळ्यात जास्त, ११० च्या पुढं पुन्हा कमी. चार वेळा चाकांचं बॅलन्सिंग (मशीनवर फिरवून, फरक शून्य येईपर्यंत हलक्या बाजूला छोटी वजनं लावणं) झालं. दुसऱ्या वेळी बरं वाटलं, तिसऱ्या वेळी उलट वाढलं. दोनदा अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) झाली, पुढचे दोन्ही टायर नवे घातले. ब्रेक लावताना कधी कधी जास्त हलतं असंही तुम्ही लिहिलंय. आता एकानं सांगितलंय की रॅक (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) गेलाय, अठरा हजार लागतील. रॅक बदलू का, असं विचारलंत.

आत्ता बदलू नका. तुमची अडचण रॅकची वाटत नाही. मशीनवर चार वेळा शून्य आलेलं चाक गाडीवर बसलं की थरथरतं का, ही खरी अडचण आहे आणि तिकडं कुणी बघितलेलं दिसत नाही. ज्याच्या दुकानात जे काम होतं ते त्यानं करून दिलं. तुमच्या शेजारी बसून ९५ ला कुणी गाडी बघितली का, हे मला सगळ्यात आधी विचारावंसं वाटलं.

बेळगावात खानापूर रोडला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. चिकोडी-हुक्केरीकडचं गिऱ्हाईक येऊन कन्नडमध्ये म्हणतं, 'स्टेअरिंग अल्लाडतैती.' आपली माणसं म्हणतात, 'हँडल थरथरायलंय.' दोघांनाही मी एकच विचारतो. यावाग? कधी? किती स्पीडला, गॅस दिल्यावर की सोडल्यावर, ब्रेकवर की नुसतं चालताना, हाताला की सीटला? एवढ्याची नीट उत्तरं मिळाली की अर्धी गाडी तपासून झालेली असते.

हे का विचारतो ते सांगतो. थरथर स्पीडवर अवलंबून असेल तर ती फिरणाऱ्या चाकाकडून येते. इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून असेल तर इंजिन किंवा त्याच्या माउंटिंगकडून. हे वेगळं करायला सोपी युक्ती आहे. सरळ मोकळ्या रस्त्यावर ८० ला पाचव्या गिअरमध्ये बघा, मग तेवढ्याच स्पीडला चौथ्यात बघा. इंजिनचे फेरे बदलले, स्पीड तेच राहिलं. थरथर तशीच राहिली तर इंजिनाकडं बघायचं कारण नाही. (यासाठी गाडी न्यूट्रलला टाकू नका, घाटात तर मुळीच नको.) दुसरी तपासणी वंटमुरीच्या चढाला होते. गॅस दाबून चढताना गाडी हलते आणि पाय सोडला की गप्प होते, असं असेल तर एक्सलच्या आतल्या जॉइंटवर माझा संशय जातो. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन्हीत फरक पडत नाही. म्हणजे चाक, हब (ज्यावर चाक नटांनी बसतं तो भाग), डिस्क (ब्रेकची फिरणारी थाळी) आणि त्यांना धरून ठेवणारे सांधे, एवढ्यातच शोधायचंय.

आता ९५ लाच का आणि ११० ला कमी का, हे समजून घ्या, कारण तिथंच रॅकचा निकाल लागतो. तुमच्या मापाचा चौदा इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातो. ९५ ला गाडी सेकंदाला २६ मीटरच्या वर पळते, म्हणजे चाक सेकंदाला १४ च्या वर फेरे मारतं. चाक, हब आणि सस्पेन्शनची खालची बाजू मिळून जो बोजा स्प्रिंगला आणि टायरला टांगलेला असतो, त्याची स्वतःची हलायची लय सेकंदाला १० ते १५ च्या आसपास असते. झोपाळ्याला बरोबर वेळेला धक्का दिला की तो वाढत जातो, तसं इथं होतं. ती लय ओलांडली की धक्का मोठा असूनही हाताला कमी लागतो. म्हणून ११० नंतर बरं वाटतं. दोष गेलेला नसतो, त्याचा मार बेअरिंगला बसतच असतो.

रॅक स्वतः फिरत नाही. सेकंदाला १४ धक्के तो कुठून आणणार? झिजलेला रॅक खराब रस्त्यावर खटखट वाजतो, हँडल मधोमध ढिलं लागतं, गाडी सारखी सरळ करत राहावी लागते. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. रॅक आणि टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारे सांधे) ढिले असले तर चाकाकडून आलेली थरथर ते जास्त मोठी करून हातात देतात, हे खरं आहे. घट्ट गाडीत जो दोष कळणारही नाही तो ढिल्या गाडीत हात बधिर करतो. त्यामुळं सांधे तपासायचेच आहेत, पण उगम तिथं नाही. अलाइनमेंटचंही तसंच. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खातात. नुसत्या अलाइनमेंटनं ९५ ची थरथर येत नाही आणि जातही नाही.

आता तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. बाहेरचे अलॉय, आणि प्रत्येक बॅलन्सिंगनंतर बदललेली थरथर.

बॅलन्सिंग मशीनवर चाक मधल्या भोकात शंकूसारखा कोन घालून बसवतात. कोन भोकाचा मध्य अचूक पकडतो, म्हणून मशीनवर चाक अगदी मधोमध फिरतं. गाडीवर मात्र तेच चाक हबच्या गोल उंचवट्यावर बसतं. तुमच्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा असतो. कंपनीच्या रिमचं भोकही तेवढंच, त्यामुळं रिम आपोआप मधोमध बसते. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, ७३.१ हे नेहमी दिसणारं माप. मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते. ही रिंग नसेल, फुटलेली असेल, तर रिम फक्त नटांच्या भरवशावर राहते.

तिरक्या तोंडाचे नट रिमला मध्यावर आणू शकतात, हे मी नाकारत नाही. रिंगशिवाय गुळगुळीत चालणाऱ्या गाड्याही मी बघितल्यात. पण त्यासाठी चाक हवेत असताना, हातानं, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळावे लागतात. गाडी जॅकवरून खाली घेऊन एअर गननं पहिला नट ठोकून घट्ट केला की चाक जिथं लटकलं तिथंच धरलं जातं. दर वेळी वेगळ्या जागी. म्हणून तुमची थरथर एकदा कमी, एकदा जास्त. बॅलन्स बिघडत नव्हता, बसवणं बदलत होतं, असा माझा कयास आहे.

हा फरक किती मोठा असतो ते आकड्यात सांगतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला कुणी हसणार नाही. टायरसकट चाकाचं वजन १४ किलो धरा. ते अर्धा मिलिमीटर बाजूला बसलं तर रिमच्या काठावर सुमारे ४० ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं होतं. आणि ४० ग्रॅम ९० च्या स्पीडला साधारण पाच किलोच्या जोरानं चाकाला बाहेर खेचतं, प्रत्येक फेऱ्याला एकदा. ४५ च्या स्पीडला हाच जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून खानापूर-बेळगाव रस्त्यावर तुमच्या रोजच्या चालवण्यात ते लपून राहतं.

दोन वर्षांपूर्वी निपाणीचे एक शिक्षक अशीच गाडी घेऊन आले होते. तवंदी घाट उतरून पुढं आलं की पत्नी हँडलकडं बघत गप्प बसायच्या, इतकी भीती बसली होती. मी चाक काढलं, रिम पालथी करून फरशीवर ठेवली. भोकाच्या कडेला काळ्या प्लास्टिकची रिंग दिसत होती, ठीक वाटली. नख घालून टोकरलं तर दीड इंचाचा तुकडा हातात आला. उरलेली रिंग उन्हानं आणि ब्रेकच्या तापानं आकसून कडक झालेली, एका बाजूला चिरलेली. दुसऱ्या चाकाला रिंगच नव्हती, टायर बदलताना कुठल्या तरी दुकानात पडून राहिली असणार. आमच्याकडं उद्यमबागला लेथवाल्यांची कमी नाही. हबचं आणि रिमचं माप व्हर्नियरनं घेऊन ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून आणल्या. घासून बसली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये, एवढंच कारागिराला सांगितलं. बॅलन्सिंगचं एकही वजन न बदलता गाडी शांत झाली. शिक्षकांनी परत जाताना संकेश्वरहून फोन केला, पलीकडून पत्नीचा हसण्याचा आवाज येत होता.

तुमच्याकडंही रिंगच असेल, असं मी छातीठोक म्हणत नाही. गाडी न बघता कुणीच म्हणू नये. मशीनवरचा मध्य आणि गाडीवरचा मध्य वेगळा पडायला आणखी दोन कारणं आमच्या भागात नेहमी सापडतात. एक म्हणजे गंज. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसात चार महिने भिजलेल्या गाडीच्या हबच्या तोंडावर गंजाची खपली धरते. तिच्यावर रिम सपाट बसत नाही, किंचित तिरकी राहते आणि फिरताना डोलते. हबचं तोंड आणि रिमची आतली बाजू वायर ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण चाक काढून लगेच चढवायची सवय असलेल्या दुकानात ते होत नाही. दुसरं म्हणजे चिखल. चोर्ल्याकडची लाल माती रिमच्या आतल्या बाजूला बसली की विटेसारखी वाळते. बाहेरून गाडी धुतली तरी ती आतच असते. चिखलासकट बॅलन्सिंग केलं तर मशीन त्या चिखलाचाही हिशेब करून वजन लावतं, आणि चार दिवसांनी ढेपा पडला की तेच वजन दोष होऊन बसतं.

बॅलन्सिंगवाल्यानं काम नीट केलंय का, हे बघायची एक खात्रीची पद्धत आहे. मशीनवर शून्य आलं की त्याला नम्रपणे सांगा, चाक ढिलं करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवा. पाच-दहा ग्रॅमच्या आत राहिलं तर ठीक. एकदम तीस-चाळीस दाखवलं तर कोन चुकीचा आहे किंवा चाक मशीनवरच तिरकं बसलंय, मग आधीच्या शून्याला काही किंमत नाही. चांगला कारागीर याला रागावत नाही. तसंच, एका चाकाच्या एका बाजूलाच साठ-सत्तर ग्रॅम लागायला लागले तर वजनं लावत बसू नये, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून बघावा.

एक मर्यादा मात्र मशीनचीच आहे. ते चाक हवेत फिरवतं, गाडीचं ओझं त्याच्यावर नसतं. वाकडी रिम किंवा आतून सैल झालेला टायर वजनं लावून शून्यावर आणता येतो, पण जो गोल नाही तो रस्त्यावर उड्या मारणारच. याची तपासणी घरी होते. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, पुढचं चाक जॅकनं उचला आणि खाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. विटेवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून त्याचं टोक टायरच्या नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हातानं हळू फिरवा. फट कमी-जास्त होते का बघा. मग टोक रिमच्या काठाला लावून तेच करा, आतल्या काठालाही. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या काठाला बसतो आणि बाहेरून रिम नवी दिसते. साधारण एक मिलिमीटरच्या पुढं फरक डोळ्याला दिसला तर मी ते चाक बाजूला काढतो.

टायर नवे आहेत म्हणून ते सुटले असं समजू नका, आणि मागचे जुने तर बघाच. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली, ती आजही सलते. एका गिऱ्हाइकाची अशीच तक्रार होती. मी टाय रॉड एंड बदलले, मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) बदलले, त्यांनी विश्वासानं पैसे दिले आणि थरथर तशीच राहिली. शेवटी टायरवर सावकाश तळहात फिरवला तर एका जागी नक्षी बोटभर वर आलेली. आतले तारेचे थर सुटलेले होते. तो टायर हायवेला फुटला असता. तेव्हापासून गाडी आत आली की पान्याच्या आधी माझा हात टायरवर फिरतो. असा टायर ओळखायची खूण म्हणजे ३०-४० लाही हँडल डावी-उजवी डुलतं. तसं काही दिसलं तर गाडी तिथंच थांबवा.

ब्रेकचं वेगळं बघू. ब्रेक लावला तरच थरथरतं असं असेल तर डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरचा पन्नासावा भाग इतका फरकही हाताला कळू शकतो. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं. पण तुमची गाडी ब्रेकशिवायही थरथरते, आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर वजन आलं की आहे ती थरथर वाढते. म्हणून डिस्कवर खर्च आधी नको. चाकाचं ठीक झाल्यावर ब्रेकची थरथर उरली तर डिस्क मापू. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्या खाली जात असेल तर लेथवर घासून घ्यायची नाही, बदलायची.

चाक वर असतानाच सांधे बघून घ्या. चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि खुळखुळलं तर टाय रॉडकडं बघायचं. वर-खाली धरून हलवलं आणि ढिलेपणा लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला लोअर आर्मशी धरणारा सांधा). बॉल जॉइंट ढिला असेल तर ते काम उद्यावर ढकलू नका, तो सुटला तर चाक आडवं होतं.

आता तुम्ही नेमकं काय करायचं ते सांगतो. चारही चाकं काढा आणि रिंगा बघा, रिम आतून धुवा, हबचं तोंड घासा, टायरवर हात फिरवा. रिंगा नसतील किंवा चिरल्या असतील तर आधी त्या, कारण चारही चाकांना तोच दोष असेल तर पुढची परीक्षा फसते. नटही बघा. अलॉयला तिरक्या तोंडाचे लागतात की गोल तोंडाचे, ते रिमच्या खाचेवरून कळतं, आणि चारही एकसारखे हवेत. मग चाकं हवेत असताना हातानं समोरासमोर आवळून बसवा आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर मोजून आवळायचा पाना) शेवटचं आवळा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना बहुतेक ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान. पन्नासएक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. एवढ्यानंच बऱ्याच गाड्या शांत होतात.

नाहीच झाली, तर बिनखर्चाची परीक्षा. पुढची दोन्ही चाकं मागं आणि मागची पुढं, डावी डावीकडंच आणि उजवी उजवीकडंच. हवा सगळ्यांत पुस्तकाप्रमाणं, टायर थंड असताना. सकाळी गर्दी नसताना काकतीपासून हत्तरगीपर्यंत जाऊन या. पहिले दहा किलोमीटर धरू नका, रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून थोडे चपटलेले असतात, ते गरम झाल्यावर सरळ होतात. मग ९५ ला दोन मिनिटं चालवा. थरथर हातातून जाऊन सीटखाली, पायाखाली आली तर दोष मागं नेलेल्या दोन चाकांत आहे, आणि त्यातलं कुठलं हे एकेक बदलून कळतं. हातातच राहिली तर पुढचे हब, डिस्क, एक्सल आणि सांधे. मग हबला डायल गेज (बारीक डोलणं मोजायचं साधन) लावून बघावं लागेल, ते काम गॅरेजमध्येच होतं.

अठरा हजार तोवर खिशातच ठेवा. रिंगा दिसल्या की नाही, आणि चाकं बदलल्यावर थरथर सीटखाली गेली की हातातच राहिली, एवढं दोन ओळीत कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.